भिंतीवरची रेघ

१

चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याचा शेवटचा दिवस होता, आणि स्कूटरचा दिवा आजच बदलायचा असा हुई-जुनने आईपाशी हट्ट धरला होता.

"उद्यापासून सातवा लागेल, आ-बू. मग तूच म्हणशील, महिनाभर नवं काही करायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही. तेवढ्यात तू कुठल्या तरी तळ्यात जाऊन पडायचीस."

"पडले तर पडले. मासे ओळखतात मला," बी-श्या म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. त्या घरात तळ्यात पडण्यावरून कोणी थट्टा करत नसे. आठ वर्षांपूर्वी हुई-जुनचा बाप तळ्यातच सापडला होता.

स्कूटर त्याचीच. फिकट हिरवी, पन्नास वर्षं जुनी, मुलीपेक्षा वयाने मोठी. बी-श्या रोज दुपारी चार वाजता तिच्यावरून तळ्यावर जायची, सबाही माशांना खाद्य टाकायची, पाणी घुसळणारी चाकं रात्रीपुरती सुरू करायची आणि दिवेलागणीला परत यायची. वाटेत दोन पूल, एक मोरी, आणि दोन्ही अंगांना पाणीच पाणी. जुना दिवा सहा व्होल्टचा. गाडी पळाली की तो पिवळा व्हायचा, हळू केली की डोळे मिटायला लागायचा. त्यात बी-श्याला मोतीबिंदू. गेल्याच आठवड्यात ती रस्ता समजून बांधावर शिरली होती.

लाई मिस्त्रीने सकाळपासून दुपारपर्यंत अंगणात बसून काम केलं. तो नवऱ्याचा जुना दोस्त. त्या स्कूटरचा प्रत्येक स्क्रू त्याच्या हाताखालून गेलेला.

"नुसता एलईडी घालून भागत नाही, वहिनी," तो म्हणाला. "या म्हातारीचा करंट वाकडातिकडा येतो. दिवा सारखा थरथरला असता. म्हणून ही डबी बसवली आणि ही चिमुकली बॅटरी. आता गाडी पळो नाहीतर थांबो, उजेड एकसारखा."

"म्हातारी कोणाला म्हणालास?"

"स्कूटरला हो, स्कूटरला! तुम्हाला म्हणायची माझी टाप आहे का?"

मग त्याने अंगणातल्या दोन विटांवर पुढचं चाक टेकवलं, बी-श्याला सीटवर बसवलं आणि समोरच्या कोठीच्या भिंतीवर उजेड पाडला. जुन्या दिव्याचा उजेड म्हणजे भिंतीवर सांडलेली पेज. कुठे सुरू, कुठे संपला, पत्ता नाही. हा पांढरा उजेड मात्र वरून सुरीने कापल्यासारखा होता. खाली लख्ख, वर काळोख, मध्ये सरळ रेघ. त्या रेघेवर लाईने पांढऱ्या खडूने खूण केली.

"आता तू बस मागे," तो हुई-जुनला म्हणाला. ती बसली. मागची स्प्रिंग दबली, आणि रेघ खुणेच्या वर चार बोटं चढली.

"पाहिलंत? मागे माणूस बसलं की दिव्याची मान वर होते. पहिल्यापासूनच होत होती, पण त्या पिवळ्या उजेडात दिसत नव्हती."

हुई-जुन पुढे झुकून आईच्या कानाशी म्हणाली, "आता तरी हळू चालवशील ना?" आणि भिंतीवरची रेघ किंचित खाली सरकली.

"हे बघा!" लाई हसला. "कानात कुजबुजलीस तेही भिंतीवर उमटलं. या दिव्यापासून काही लपायचं नाही."

२

त्याच दिवशी संध्याकाळी बी-श्या तळ्यावरून परत आली. नवा दिवा तिला मनापासून आवडला होता. रस्त्याकडेची लव्हाळीसुद्धा एकेक पात मोजता येईल अशी दिसत होती. पुढचं चाक विटांवर टेकवून तिने सहज भिंतीकडे पाहिलं.

रेघ खुणेच्या वर होती. दोन बोटं.

तिने खाली उतरायच्या आधी सगळं आठवून पाहिलं. खाद्याचं रिकामं पोतं पायाशी होतं, मागे काही नव्हतं. टोपली पुढे हुकाला. चाकात हवा कमी असेल. पुढचं चाक विटांवर नीट बसलं नसेल. लाईने घाईत खूण केली असेल. माणसाच्या मनाला कारणं पुरवायला वेळ लागत नाही. ती उतरली, आत गेली, देवापुढे अगरबत्ती लावली, आणि पेज ढवळता ढवळता तिला आठवलं की तिने दुपारी निघताना दिवा लावून पाहिला होता तेव्हा रेघ बरोबर खुणेवर होती.

दुसऱ्या दिवशी सातव्या महिन्याची पहिली तिथी, मेलेल्यांचे जीव महिनाभर मोकळे सुटतात तो दिवस. गावात घरोघरी दारासमोर टेबलं मांडली गेली. ज्यांना घर नाही, वाढणारं कोणी नाही, त्यांच्यासाठी भात, फळं, तोंड धुवायला पाण्याचं भांडं. त्यांना वाईट नावाने हाक मारत नाहीत. 'भले भाऊ' म्हणतात. बी-श्याने दरवर्षीसारखं सगळं मांडलं, आणि चारला तळ्यावर गेली. जाताना रेघ खुणेवर. येताना दोन बोटं वर.

या खेपेला ती येताना वाटेवर नजर ठेवून होती. उजेडाची कड रस्त्यावरही दिसते. तळ्यापासून निघाल्यावर ती कड जितकी लांब होती तितकीच राहिली, थेट मोरीपर्यंत. मोरीवरून चाक गेलं, आणि कड अलगद पुढे सरकली. कोणी ओढणीचं टोक ओढावं तशी.

तिने गाडी थांबवली नाही. पण छाती धडधडायला लागली, आणि खरं सांगायचं तर भीतीने नाही.

आठ वर्षांपूर्वी धुक्यात नवऱ्याला तळ्यातून काढलं. देह घरी आणणं सोपं असतं. बाहेर गेलेल्याचा जीव मात्र वाट दाखवत आणावा लागतो. पाणी आलं की तो काठाशी अडतो, कोणीतरी नाव घेऊन सांगावं लागतं: पाणी आलंय, आमच्या मागून या. पुढच्या गाडीत पुरोहित निशाण धरून बसले होते आणि खिडकीतून डोकं काढून हुई-जुन ओरडत होती. बावीस वर्षांची पोर, रडून घसा बसलेला. पहिल्या पुलावर ओरडली. दुसऱ्यावर ओरडली. पण त्याआधीची मोरी? चार हात लांबीची काँक्रीटची फळी ती. गाडी तिच्यावरून मुकाट्याने निघून गेली.

मागून याच स्कूटरवर, लाईच्या मागे, मांडीत अगरबत्तीचं भांडं धरून बी-श्या बसली होती. तिच्या ध्यानात आलं होतं. ही मोरी पाण्यात धरायची की नाही, असा विचार तिच्या मनात आला होता. हाक तिच्या जिभेवर आली होती. पण हाक मारायची तर नाव घ्यायला हवं, आणि तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अहो' म्हटलं की ते वळत. उघड्या रस्त्यावर, लाईच्या पाठीशी बसून, नाव? ती कचरली. तेवढ्यात मोरी मागे पडली.

घरी कौल लावला तेव्हा चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे होकारासारखे एक उताणा, एक पालथा न पडता दोन्ही उताणे पडले. कौल हसला, ना होकार ना नकार. पुरोहितांना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, हसले म्हणजे खुशीत आहेत.

त्या रात्री बी-श्याने समुद्रदेवी मात्सू आईपुढे व्रत घेतलं: ते घरी आले असा कौल सलग तीनदा मिळेपर्यंत सबाही मासा तोंडात घालणार नाही. आठ वर्षं ती मासे वाढवत होती आणि कांद्याची पात घातलेली पेज खात होती.

३

दुसऱ्या तिथीला तिने ठरवलं.

मोरी जवळ आली तशी तिने गाडी हळू केली. दोन्ही बाजूंनी पाण्याचा चपचप आवाज येत होता. माणसाच्या डोक्यावर एक आणि दोन खांद्यांवर दोन असे तीन दिवे असतात, मागे वळलं की खांद्यावरचा विझतो, हे तिला आईने शिकवलेलं. म्हणून ती वळली नाही. समोर बघतच, घरात चहाला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, पाणी आलंय. चला ना मागून."

सीटची स्प्रिंग करकरली. हँडल हाताला हलकं लागलं.

घरापर्यंत ती बोलत आली. पहिला पूल आला हं. दुसरा आला. हुई आता दवाखान्यात कामाला लागली, माहीत आहे ना? लग्नाचं नाव काढत नाही. तुमच्यावर गेली आहे, हट्टी.

अंगणात रेघ पाच बोटं वर होती, हुईपेक्षा एकच बोट जास्त.

"वाळलात हो," ती हळूच म्हणाली. "आठ वर्षं उपाशी."

तिने त्यांचा वाडगा काढला, भात वाढला, वर त्यांच्या आवडीचा तळलेला सबाही ठेवला. तिला स्वतःला तो चालत नव्हता, पण त्यांना का नको? मग ती दाराकडे कान देऊन बसली. त्यांच्या घराचं दार अडतं. त्यावर दोन दारपाल रंगवलेले आहेत, आणि लाकूड फुगून उजवी फळी जमिनीला घासते. ती आणि हुई-जुन खांद्याने धक्का देतात. फक्त त्यांना जमायचं, कडी धरून जरा वर उचलायचं आणि मग ढकलायचं. 'ठक' आणि मग 'सूं'. तो आवाज तिने आठ वर्षांत ऐकला नव्हता.

त्या रात्रीही नाही ऐकला. भातावर वाफ धरून राहिली आणि मग विरली. सकाळी वाडगा होता तसाच.

अंगण मात्र ओलं होतं. पाऊस नव्हता. दुपारचं ऊन असं की कोंबडीने पाय उचलून चालावं, तरी अंगण ओलंच.

४

चौथ्या तिथीला सात बोटं. सहाव्या तिथीला नऊ. आठव्या तिथीला पूर्ण एक वीत.

"आ-बू, कपडे वाळत कसे नाहीत?" हुई-जुन दोरीवरचा कामाचा झगा हुंगत म्हणाली. "तीन दिवस झाले. आणि वास बघ. तळ्याचा वास येतोय."

"समुद्रावरून वारा आहे."

"वारा असता तर वाळले असते!"

बी-श्याने विषय बदलला. पण तिला स्वतःलाच आता झोप नव्हती. वाळलेल्या माणसाचं अंग अन्नाने भरेल, पण ते तर अन्नाला शिवतही नव्हते. मग रेघ रोज का चढत होती? आणि आठव्या तिथीला मोरीच्या पुढच्या वळणावर पुढचं चाक चक्क जमिनीवरून सुटलं. ब्रेक दाबला तर गाडी थांबायचं नाव घेईना. ती लव्हाळ्यात घुसली, एक पाय पाण्यात गेला. बांध दीड हाताचा होता म्हणून वाचली.

घरी आल्यावर हुई-जुनने तिचा ओला पाय पाहिला आणि फोन करून लाई मिस्त्रीला बोलावून घेतलं. सातवा महिना विसरून तो आला. मागची स्प्रिंग बदलली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वीतभर. त्याने मान खाजवली.

"वहिनी, मागे नेमकं किती वजन आहे तेच बघू," तो म्हणाला. म्हणजे, असेल तर, असं त्याला म्हणायचं होतं. तो देवभोळा नव्हता, पण अंगणातून चालताना तो आता कडेकडेने चालायचा.

"त्यांचं वजन किती होतं?" बी-श्याने विचारलं.

 लाईने हुई-जुनकडे पाहिलं, मग बी-श्याकडे.

"बहात्तर किलो," तो म्हणाला. "देवळाच्या पालखीला आम्हा सगळ्यांची वजनं करून जोड्या लावल्या होत्या. आम्ही दोघं एका दांड्याला."

खाद्याची पोती तोलून बहात्तर किलो मागच्या सीटवर बांधलं. बी-श्या पुढे बसली. दिवा लावला. रेघ सहा बोटं वर चढली आणि थांबली. लाईने लाल खडूने खूण केली.

वीत म्हणजे बारा बोटं. लाल खूण त्या वीतभर अंतराच्या मध्यावर राहिली, आणि तिच्या वर तेवढीच मोकळी जागा.

"आ-बू," हुई-जुन हळू आवाजात म्हणाली, "काय केलंस तू? खरं सांग."

बी-श्याने सांगितलं. मोरी, आठ वर्षांपूर्वीची न मारलेली हाक, आत्ता मारलेली. ऐकता ऐकता हुई-जुन खाली उकिडवी बसली.

"मोरी मी विसरले होते," ती म्हणाली. "हाक मारायचं काम माझं होतं. मी पुलांची वाट बघत बसले. तू आठ वर्षं स्वतःला का खात बसलीस? मला बोलली असतीस तर!"

"तू लहान होतीस."

"बावीस वर्षांची होते!" मग तिने डोळे पुसले आणि एकदम मान वर केली. "आणि आता? हाक मारलीस ती कशी मारलीस?"

"नेहमीसारखी."

"म्हणजे? आ-पांचं नाव घेऊन?"

बी-श्या पदरासारखा ॲप्रनचा कोपरा चुरगाळत राहिली. "सातव्या महिन्यात उघड्यावर नाव घेऊ नये म्हणतात," ती म्हणाली. ते खरंही होतं, आणि ते कारण नव्हतंही.

"म्हणजे पाण्याच्या काठी उभं राहून तू नुसतं 'अहो, चला मागून' म्हणालीस," हुई-जुन म्हणाली. "सातव्या महिन्यात. असला हा मैलभर दिसणारा दिवा लावून."

लाईने हातातला खडू हळूच विटेवर ठेवला.  दोरीवरून पाण्याचा एक थेंब अंगणात पडला, आणि ते तिघेही दचकले.

"उद्यापासून तळ्यावर मी जातो," लाई म्हणाला. "माझ्या गाडीने. ही स्कूटर झाकून ठेवा. महिना सरला की सगळे आपापल्या वाटेने जातील."

"आणि ते?" बी-श्याने विचारलं. "त्या गर्दीत त्यांना मी एकदा आशा लावली. बोलावलं, आणि दुसरेच चढून बसले. ते काठावर उभे राहून बघत असतील. पुन्हा त्यांना तिथेच टाकून येऊ?"

"आणि तू पाण्यात गेलीस म्हणजे?" हुई-जुनचा आवाज चिरकला. "मग तुझं नाव घेत मी पूल मोजत यायचं का?"

५

चौदाव्या तिथीला, दुसऱ्या दिवशी देवळात भल्या भावांसाठी सगळ्या गावाचं मोठं पान वाढायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी, लेकीला कसंबसं पटवून बी-श्या स्कूटरवरून निघाली. आधी तिने मात्सू आईला नमस्कार केला. काही मागितलं नाही. फक्त म्हणाली, "लाज वाटते, तेवढी घालव."

हुई-जुनला तिने घरात देवाजवळ बसवलं होतं. "दार लावून घे. मी हाक मारल्याशिवाय अंगणात येऊ नकोस."

परत येताना आकाश अजून राखी होतं. मोरी दिसली. तिने गाडी अगदी हळू केली, आणि फळीवर पुढचं चाक टेकताच उजेडाची कड उचलायला लागली. आज तिने हाक मारलीच नव्हती. कड लव्हाळ्यांवरून गेली, विजेच्या खांबाच्या बुंध्याशी गेली, खांबावर चढायला लागली. स्प्रिंग करकरत होती, थांबत होती, पुन्हा करकरत होती. पुढचं चाक जमिनीला नुसतं शिवत होतं. मागून थंडावा येत होता, ओल्या भिंतीला पाठ लावल्यासारखा.

तिने इंजिन चालू ठेवून दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. 

"भल्या भावांनो," ती म्हणाली. "चूक माझी झाली. मी बोलावलं, तुम्ही आलात. पण घर माझं लहान आहे, आणि मी ज्यांना बोलवत होते ते तुम्ही नाही. उद्या देवळात पान आहे. माझ्याकडून पन्नास वाडगे जास्त वाढीन. जे माझ्या अंगणात येऊन राहिलेत त्यांनाही सांगा. दरवर्षी वाढीन, जगेन तोवर. आता उतरा. माझे हात थकलेत."

पाणी घुसळणारी चाकं दूरवर फिरत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग कड एक झटका खाऊन खाली आली. थांबली. पुन्हा एक झटका. अवघडलेली माणसं बसमधून उतरावीत तशी, एकेक करून. प्रत्येक झटक्यानंतर लव्हाळी डावीकडे जरा हलायची, आणि वारा नव्हता. कड खांबावरून उतरली, रस्त्यावर आली, जवळ आली आणि स्थिर झाली.

आता उरलं होतं ते एकच काम. तिने श्वास घेतला. जन्मात पहिल्यांदा तिने ते शब्द तोंडातून काढले, आणि ते तिच्या कानांना परक्या माणसाच्या नावासारखे लागले.

"च्यू तिएन-शिंग." आवाज फुटला नाही. तिने पुन्हा घेतलं, मोठ्याने. "च्यू तिएन-शिंग! हुई-जुनचे आ-पा, मातीच्या गल्लीतलं शेवटचं घर, दारासमोर कोठी. मी बी-श्या. पाणी आलंय. माझ्या मागून या."

स्कूटर एकदाच, सबंध दबली. धडपड नाही, करकर नाही. ज्याला ती सीट ठाऊक आहे असा माणूस एक तंगडी टाकून बसावा, तशी.

बी-श्याला हसूही आलं आणि रडूही. वाटभर तिने प्रत्येक पुलावर नाव घेतलं. दुसऱ्या पुलावर तर उगाच दोनदा घेतलं.

६

अंगणात विटांवर चाक टेकलं. भिंतीवर रेघ लाल खुणेच्या वर होती. दोन बोटं.

तिने ते पाहिलं आणि मनाला समजावलं. पाण्यातून आलेत. कपडे भिजलेले असणार, खिशात गाळ असणार. ओल्या माणसाचं वजन जास्तच भरतं.

"आलं घर," ती म्हणाली. "उतरा आता. दार तुम्हाला ठाऊक आहे."

रेघ सरळ खाली घसरली. स्कूटर उसळून वर आली. तिच्या डाव्या बाजूने काहीतरी गेलं, आणि तिने डोळे मिटून घेतले, कारण बघायचं नाही हे तिने स्वतःला बजावलं होतं. पायऱ्या तीन. मग दाराची कडी. फळी जराशी उचलली गेल्याचा 'ठक', आणि मग 'सूं'.

बी-श्याने ओठ चावून धरले. आठ वर्षं. आत दिव्याची ज्योत हलली असावी, कारण खिडकीच्या कागदावरची सावली हलली.

"आ-बू?" आतून हुई-जुनचा आवाज आला, रडवेला, आणि तरी कधी नव्हे इतका हलका. "आ-बू, दार तू उघडलंस? इथे... अगं, तू आत ये ना लवकर. कौल लावू."

"आले," बी-श्या म्हणाली. दिवा बंद करायला तिने हात पुढे नेला आणि समोर पाहिलं.

रेघ पांढऱ्या खुणेवर नव्हती. खुणेच्या वर दोन बोटं होती.

तिचा हात बटणापाशीच थांबला. अंगणाच्या फरश्या कडेने वाळायला लागल्या होत्या, तिच्या डोळ्यांदेखत पांढुरक्या होत होत्या. जे आले होते ते गेले होते. पाच बोटं, सात, नऊ, वीत, सगळी उतरली होती. मग ही दोन?

आणि तिला तो पहिला दिवस आठवला. दिवा बसवला ती संध्याकाळ. सातवा महिना लागला नव्हता. तिने कोणाला हाक मारली नव्हती. तेव्हाही रेघ दोन बोटं वर होती.

नव्या दिव्याने दाखवलं म्हणून कळलं. त्याआधी तो पिवळा उजेड होता, सांडलेल्या पेजेसारखा, ज्यात काही दिसत नसे. त्या उजेडात किती वर्षं? रोज संध्याकाळी मोरीपासून घरापर्यंत, ती एकटी आहे असं समजून पुटपुटत यायची, भाजीचं, हुईचं, मनातलं सगळं. ते सगळं कोणीतरी ऐकत आलं होतं. कधी आत यायला मागितलं नव्हतं. कधी तिला पाण्यात पाडलं नव्हतं. आणि भल्या भावांना 'उतरा' म्हटलं तेव्हा तेही उतरलं नव्हतं.

"आ-बू! कोणाशी बोलतेस?" आतून हुई-जुन म्हणाली. बी-श्या तर काहीच बोलली नव्हती.

 ती वळली नाही. खांद्यावरचे दोन दिवे तिने मनाशी सांभाळून धरले, आणि आज एकदा मोरीवर लाज टाकली होती त्याच बळावर, अगदी मऊ आवाजात विचारलं:

"मला तुमचं नाव ठाऊक नाही. ते सांगा. उद्या पान वाढताना घेईन."

भिंतीवर, तिच्या समोर, रेघ किंचित खाली सरकली, मागून कोणी कानाशी झुकावं तशी.